नखातला रंग

आमच्या घरात भिंत तिथे घड्याळ आहे, आणि सगळी घड्याळं एकच वेळ दाखवतात. एखादं जरा मागे पडलं तर आमचे हे ताटावरून उठतात. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. आता हात थरथरतो, तरी खिडकीपाशी टेबल मांडून बसतात. गल्लीत त्यांना घड्याळजी म्हणतात. मी ‘अहो’ म्हणते, आणि राग आला की तेही नाही, नुसती भांडी आपटते.

अशा माणसाने नातीला धर्माचे पहिले धडे द्यायला घेतले, म्हणजे काय होणार हे सांगायला कोणी शहाणा लागत नाही.

नातीला आम्ही भिंगरी म्हणतो. खरं नाव शाळेत वापरतात. पुढचे दात पडलेले, एका जागी बूड टेकत नाही, आणि तोंड तर झोपेतही चालू. मदरसा लांब, मधला रस्ता मोठा, गाड्या अंगावर येतात. म्हणून हे म्हणाले, पोरीला मी घरीच शिकवतो. दुपार कलली, असरची नमाज झाली, की आजोबा आणि नात चटईवर समोरासमोर बसायचे. मी शेजारी मशीनवर गणवेशांना बाह्या लावत असायची, त्यामुळे माझीही फुकटात उजळणी. कलमा, नमाज, रोजा, जकात, हज. भिंगरी एकेक बोट दुमडायची आणि शेवटी नुसती मूठ उरली की ती नाचवून दाखवायची. प्रश्न मात्र असे काढायची की ह्यांनी कपाळाला हात लावावा.

“आजोबा, अल्लाहला अंधारात पण दिसतं ना? मग आपण दिवा का लावतो?”

“आपल्याला दिसत नाही म्हणून,” हे म्हणाले. मी मशीन थांबवून हसले. ह्यांना राग आला. धड्याच्या वेळी हसलेलं त्यांना खपत नाही.

खरी परीक्षा होती वजूची. नमाजीच्या आधी हात, तोंड, पाय धुवायचे, डोक्यावरून ओला हात फिरवायचा, एवढंच. पण ह्यांच्या हातात पडल्यावर एवढंच कसं राहील? घड्याळ उघडताना डोळ्याला लावतात ते भिंग लावून हे पोरीचं कोपर तपासायचे. “इथे कोरडं आहे. सुईच्या टोकाएवढी जागा राहिली तरी वजू झाला नाही. परत.” पोर परत नळावर. एकदा मैत्रिणीकडून नखं रंगवून आली, तर ह्यांनी तिला बसवून घेतलं आणि समजावलं, की नखावर असा थर बसला की पाणी खाली पोचत नाही, आणि पाणी पोचलं नाही तर वजू नाही, वजू नाही तर नमाज नाही. पोरीने मुकाट्याने नखं खरवडली. मला वाईट वाटलं, पण धडा पक्का बसला. काही दिवसांनी ती ह्यांचंच भिंग डोळ्याला लावून माझी कोपरं तपासायला लागली. गुरू तसा चेला.

आता आमच्या मुलाचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

आमचा मुलगा रंगारी आहे. घरं रंगवतो. भिंतींचा रंग धुतला की जातो, पण दारं-खिडक्यांना तो तेलाचा रंग लावतो, तो काही जात नाही. नखांच्या कडेला, बोटांच्या रेघांत जाऊन बसतो. लहानपणापासून हा मुलगा नमाजी. शिडीवरून उतरायचा, कोपऱ्यात वर्तमानपत्र अंथरून नमाज पढायचा आणि परत शिडीवर. मग त्याची बायको तापाने पडली. दवाखान्याच्या व्हरांड्यात, लोकांच्या चपलांशेजारी, ह्याने कपाळ टेकलं ते उचलेचना. झाडूवाली म्हणाली, दादा, सरका जरा. तेव्हा उठला. सून गेली. जनाज्याच्या नमाजीला उभा राहिला, पण त्या नमाजीत सजदा नसतो, कपाळ जमिनीला लागत नाही. त्यानंतर ते लागलंच नाही.

मी काही म्हटलं नाही. ह्यांनी मात्र एकदा म्हटलं, “रुसायचं तर कोणावर रुसतोयस ते तरी बघ.” मुलगा ताटावरून उठला. तेव्हापासून बाप-लेकात बोलणं म्हणजे मीठ दे, दार लाव, वीज गेली का. दोघंही एकाच हाडाचे. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. मधल्यामध्ये माझा जीव तुटायचा. मला दागिना नको होता, हवापालट नको होता. डोळे मिटायच्या आत पोराचं कपाळ पुन्हा जमिनीला टेकलेलं बघायचं होतं. प्रत्येक दुआत हे एकच मागणं. अल्लाहसुद्धा कंटाळला असेल म्हातारीला.

आणि ते होण्याची वेळ आली ती भिंगरीमुळे.

तिची सगळी नमाज पाठ झाली. हे म्हणाले, शुक्रवारी मगरिबला, म्हणजे सूर्य मावळल्यावर, तू आमच्या बरोबरीने पुरी नमाज पढायची. पोरीने लगेच अट घातली: अब्बा पण पाहिजेत. जेवताना बापाला म्हणाली, “अब्बा, माझी पहिली नमाज आहे. शाळेच्या कार्यक्रमाला आलात, ह्याला नाही येणार?” ह्यांची नजर ताटात. माझा हात वाढता वाढता थांबला. मुलाने हातातला घास संपवला, मग म्हणाला, “येईन.”

शुक्रवारी तो वेळेआधी आला. डबा-ब्रश बाहेर ठेवले आणि सरळ नळावर बसला. मी आत जानमाज, म्हणजे नमाजीची चटई, अंथरत होते. तो ‘बिस्मिल्लाह’ म्हणाला ते ऐकू आलं मला. किती हळू म्हणाला, तरी ऐकू आलं. माझ्या हातातली जानमाज मी दोनदा उलटी अंथरली.

तो बाह्या वर करून, ओल्या हातांनी आत आला. चेहरा धुतल्यावर लहानपणीसारखा दिसत होता. भिंगरी ओढणी गुंडाळून तयार होती. तिला काय उत्साह! टेबलावरचं भिंग उचललं, डोळ्याला लावलं आणि म्हणाली, “थांबा अब्बा, तपासणी.” तो हसला, हात पुढे केले. तिने एकेक बोट धरून बघितलं. मग भिंग खाली घेतलं.

“अब्बा, इथे पाणी गेलंच नाही. नखात रंग आहे. हिरवा.”

“तो निघत नाही गं,” मुलगा म्हणाला. “खिडक्यांचं काम चालू आहे.”

“पण मग वजू...” पोरीने ह्यांच्याकडे बघितलं. धडा ज्याने शिकवला त्याच्याकडे बघणारच. “आजोबा? झाला का वजू?”

मुलानेही बघितलं ह्यांच्याकडे. कितीतरी दिवसांनी त्याने बापाच्या डोळ्यांत बघितलं असेल. घड्याळं टकटक करत होती, आणि मी मनात म्हणत होते, म्हणा, हो म्हणा, एका शब्दाचं काम आहे.

हे म्हणाले, “पाणी पोचलं नाही, तर वजू नाही.”

मुलाने वर केलेल्या बाह्या खाली घेतल्या. एक बाही, मग दुसरी. “बरोबर आहे,” म्हणाला. “तुम्ही पढा.” आणि चप्पल घालून बाहेर गेला. आवाज चढवला नाही, दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

आम्ही तिघं नमाजीला उभे राहिलो. पोरीची पहिली नमाज. ती तशी झाली.

दुसऱ्या दिवसापासून मुलगा दिवेलागण उलटल्यावरच घरी यायला लागला. नमाजीची वेळ टाळून. आणि त्याच्या हाताला वेगळाच वास यायला लागला. रंग पातळ करायचं जे तीव्र पाणी असतं ना, त्याचा. मी म्हटलं कामाचा असेल. जेवायला बसला तेव्हा दिसलं. बोटांची सालं निघालेली. नखांच्या कडा ब्लेडने खरवडून खरवडून लाल झालेल्या. कालवणात बोटं बुडवली आणि झोंबलं तसा हात झटकला. पोटचं पोर माझं. मी हातातला घास ताटात ठेवला.

“हे काय केलंस?”

“काही नाही अम्मी. निघतो का बघत होतो.” मग पुढे म्हणाला, “निघाला तरी उद्या परत लागणार. पोटाचं काम आहे ते. जाऊ दे.”

ते ‘जाऊ दे’ मला रंगाबद्दल वाटलं नाही.

भिंगरीने ते सगळं बघितलं. दुसऱ्या दिवशी असरनंतर हे चटईवर बसून राहिले, नात आलीच नाही. शोधलं तर माझ्या मशीनखाली, कापडाच्या तुकड्यांत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. आमची भिंगरी, आणि गप्प! मी म्हटलं, “आजोबा बोलावतायत.” तर मान हलवली.

“मला नाही शिकायचं. मी अब्बांची नमाज मोडली.”

“तू कशाला मोडशील?”

“मीच बघितलं ना भिंगातून. नसतं बघितलं तर झाली असती.” मूठ उघडली, तर त्यात ह्यांचं भिंग. “हे मी लपवून ठेवणार आहे. कोणालाच नको बघायला.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पोरीला तिथेच सोडून मी खिडकीपाशी गेले. हे भिंगाविना चिमट्याने एक स्प्रिंग बसवायच्या खटपटीत होते. मी दिव्याचं बटण बंद केलं.

“अहो, एक सांगा. माझी आई बेकरीत कणिक मळायची. नखात सुकलेली कणिक राहायचीच. तिची नमाज झाली नाही का आयुष्यभर?”

“दिवा लाव.”

“आधी सांगा. पोटासाठी जे काम करतो, त्याचं जे अंगाला चिकटतं आणि धुऊनसुद्धा निघत नाही, त्याला माफी आहे की नाही?”

ह्यांनी स्प्रिंग डबीत टाकली. मग म्हणाले, “आहे.”

“त्या दिवशी ठाऊक होतं?”

“होतं.”

“मग तोंडात काय मूग होते?”

“पोर शिकते आहे,” हे म्हणाले. “आधी नियम शिकवायचा, मग सवलत. आधीच सवलत दाखवली तर नियम कोण पाळेल? घड्याळ आधी बरोबर लावायला...”

“घड्याळाचं मला सांगू नका,” मी म्हटलं. “तुम्ही पोरीला शिकवत होता, की पोराला शिक्षा देत होता?”

ह्यांनी चिमटा खाली ठेवला. म्हणाले, “मला वाटलं, आला आहे तर पुरा यावा. अर्धवट नको.” आणि मग, “सुनेसाठी त्याने तेवढं मागितलं, मिळालं नाही. मीही मागितलं होतं. मी सोडलं का?” एवढं बोलून चेहरा खिडकीकडे केला. सून गेल्यावर ह्यांना रडताना मी बघितलं नव्हतं. मला वाटायचं, ह्या माणसाच्या आत काटे आणि चाकंच आहेत. रागावर पाणी पडलं माझ्या. मी दिवा लावला आणि चहा ठेवला.

पुढच्या सुटीला मुलगा घरात होता. हात दुखत होते म्हणूनच असेल, कुठे गेला नाही. असर झाली. हे चटईवर बसले आणि त्यांनी आवाज दिला, “भिंगरी, भिंग घेऊन ये. एक धडा राहिलाय. मी अर्धाच शिकवला होता.”

पोर आली, पण माझा पदर धरून. ह्यांनी मुलालाही समोर बसायला सांगितलं. तो बसला, बापाने सांगितलेलं अजून मोडत नाही. ह्यांनी भिंग डोळ्याला लावलं, मुलाचा हात हातात घेतला आणि बघत बसले. एकेक बोट. पोरीने रंग बघितला होता, ह्यांनी सालं बघितली. सगळी बोटं बघून झाली तरी हात सोडला नाही.

“ऐक,” पोरीला म्हणाले. “तू नखं रंगवली होतीस ती हौस. हौस काढून ठेवता येते. हा रंग कामाचा आहे. ह्याने हात घासले, धुतले, तरी जो राहिला त्याला माफी आहे. कणिक मळणाऱ्याला आहे, गवंड्याला आहे. अल्लाहला ठाऊक आहे कोण कशावर पोट भरतो. ह्याचा वजू त्या दिवशी झाला होता. हे मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. चूक तुझी नव्हती, भिंगाचीही नव्हती.”

पोरीने बापाकडे बघितलं. मुलाने हात हळूच सोडवून घेतला.

“अब्बा,” तो म्हणाला, “माझ्या समजुतीसाठी सांगत असाल तर राहू द्या. अम्मी बोलली असेल तुम्हाला. धर्म काही माझ्यासाठी वाकवू नका.”

झालं. मला वाटलं, संपलं. ज्या माणसाने जन्मभर काटेकोरपणा केला, त्याने एकदा सैल सोडलं तर खरं कोणाला वाटणार? ह्यांनी वाद घातला नाही. “मगरिबला वजू करून ये,” एवढंच म्हणाले. “त्या पाण्याने हात घासायचे नाहीत. साधं पाणी.”

तो येईल की नाही, मला शेवटपर्यंत खात्री नव्हती. मी जानमाज अंथरायला घेतल्या तर हे म्हणाले, थांब, मी करतो. आमच्या घरात पुढची जानमाज ह्यांची. नमाज तेच पढवतात, बाकीचे मागे. ह्यांनी पुढची अंथरली, मग तिच्या उजव्या हाताला, जरा मागे सरकवून, दुसरी अंथरली आणि त्या दुसरीवर जाऊन उभे राहिले. मुलगा ओल्या हातांनी दारात आला आणि थबकला.

“पुढे हो,” हे म्हणाले. “आज तू पढव.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. पुढे उभा राहतो त्याच्या नमाजीवर मागच्यांची नमाज अवलंबून असते. त्याचा वजू नसेल तर मागच्यांची नमाज त्याच्याबरोबर बुडाली. आणि आमचे हे! एकदा पुढच्या माणसाच्या वजूची शंका आली तर ओळ सोडून घरी आले होते, चार लोक नावं ठेवतील ह्याचीही पर्वा केली नाही. नमाजीच्या बाबतीत कोणाचं मन राखायला हा माणूस तसूभर सरकायचा नाही. हे मुलाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तो दारात उभा राहून त्या मागे सरकवलेल्या जानमाजीकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःच्या बोटांकडे बघितलं. नखात हिरवा रंग होता तसाच होता.

“अब्बा, तुमची नमाज...”

“वेळ जाते आहे,” हे म्हणाले.

मुलगा पुढे गेला. मी आणि भिंगरी मागच्या ओळीत. “अल्लाहु अकबर” म्हणताना त्याचा आवाज घोगरा होता, पण पुढे सुधारला. सजद्यात गेला तेव्हा माझ्यासमोर त्याचे तळपाय आले. टाचेला पांढऱ्या रंगाचा ठिपका. नमाजीत इकडेतिकडे बघू नये, तरी मी भिंगरीकडे बघितलं. तिलाही तो दिसला होता. पोरीने क्षणभर टाचेकडे पाहिलं आणि मुकाट्याने कपाळ टेकलं. मीही टेकलं. माझं मागणं पुरं झालं होतं आणि मला एक शब्द सुचत नव्हता.

दुसऱ्या रकातीत, म्हणजे नमाजीच्या दुसऱ्या फेरीत, मुलगा अडला. कुराणातला एक लहानसा अध्याय, सूरह, पोरीच्या आईची आवडती. ती पोरीला झोपवताना तीच म्हणायची. मधल्या आयतीवर, एका ओळीवर, त्याचा आवाज थांबला. परत मागून सुरुवात केली, परत तिथेच थांबला. पुढची आयत ह्यांनी सुचवायची. पण ह्यांचे खांदे हलत होते, गळ्यातून आवाज फुटेना. बायकांनी नमाजीत चूक दाखवायची तर हातावर हात मारून, बोलून नाही, हे ह्यांनीच शिकवलेलं. पण टाळीने आयत कशी आठवणार? मी हात उचलणार, तेवढ्यात माझ्या शेजारून बारीक, बोबडा आवाज आला. पडलेल्या दातांतून हवा जात होती, पण शब्द सगळे बरोबर होते.

मुलाने ती आयत उचलली आणि सूरह पुरी केली.

शेवटी बसल्यावर सलाम फिरवायचा. आधी उजवीकडे मान वळवायची आणि शांती मागायची, मग डावीकडे. पुढचा वळला की मागच्यांनी वळायचं. मुलाने उजवीकडे मान वळवली. उजवीकडे बाप होता. दाढी ओली झालेली. मुलाने सलाम म्हटला आणि तसाच बघत राहिला. डावीकडे वळायचं तो विसरला.

तो वळेपर्यंत आम्हालाही वळता येत नव्हतं. आम्ही थांबलो. ह्या वेळी भिंगरीनेही आठवण करून दिली नाही.